तिरप्या अक्षराचा धनी: इटालिक टंकाची कहाणी

१/
संगणकावर मजकूर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तीन छोटी बटणे परिचित असतात. एक अक्षर ठळक करते, एक अधोरेखित करते आणि एक तिरपे करते. तिरप्या बटणावरचे ‘आय’ हे ‘इटालिक’ या शब्दाचे आद्याक्षर. इटलीत जन्मले म्हणून इटालिक, इतका साधा त्या नावाचा अर्थ. देशाचे नाव अक्षराला चिकटले. ज्या कारागिराने हे अक्षर प्रथम पोलादात कोरले, त्याचे नाव मात्र साडेतीनशे वर्षे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. ही कहाणी त्या अक्षराची, आणि त्याच्या मालकीवरून झालेल्या वादाचीही आहे.

२/
प्रथम रूप पाहू. छापील रोमन लिपीचा नेहमीचा टंक ताठ उभा असतो. त्याच्या रेषांच्या टोकांशी बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. इटालिक म्हणजे हाच टंक उजवीकडे कलवलेला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. खऱ्या इटालिकमध्ये अक्षरांची घडणच बदलते. ताठ टंकातील लहान ‘ए’च्या डोक्यावर एक छत्री असते. इटालिकमध्ये ती नाहीशी होऊन एक गोल आणि त्याला टेकलेला दांडा उरतो. ‘एफ’ ओळीच्या खाली उतरतो. जड सेरिफांच्या जागी लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना उमटणारे हलके फराटे येतात. अक्षरे अरुंद होतात आणि एकमेकांना बिलगतात.

३/
याचे कारण या टंकाच्या कुळात आहे. ताठ रोमन टंक आणि इटालिक हे दोन्ही हस्ताक्षरांचेच वंशज. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्सच्या मानवतावादी विद्वानांनी जुन्या लॅटिन पोथ्या शोधून त्यांच्या नकला करायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी सुटी, गोल आणि स्वच्छ अशी लिपी स्वीकारली. निक्कोलो निक्कोली या ग्रंथप्रेमी विद्वानाने तिला वेग दिला. लेखणी कमीत कमी उचलायची, अक्षर किंचित झुकू द्यायचे आणि पुढच्या अक्षराला जोडायचे. हेच वळण पुढे पोपच्या कचेरीतील लेखनिकांनी आपलेसे केले. कचेरीतले अक्षर म्हणून त्याला ‘कान्चेल्लारेस्का’ म्हणू लागले.

४/
मराठी वाचकाला अशी जोडी नवी नाही. पोथीसाठी सुटी, ठसठशीत बाळबोध आणि दप्तरासाठी झरझर लिहिली जाणारी मोडी, अशी वाटणी महाराष्ट्रात शतकानुशतके होती. चिटणिसाला वेग हवा होता, म्हणून मोडीची अक्षरे वळली आणि एकमेकांत गुंतली. इटलीतही तेच घडले. फरक पुढे पडला. मोडीचेही खिळे पाडले गेले, श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात त्यांतून मजकूर छापला गेला. पण छापील मराठीची वाट अखेर बाळबोधीनेच चालवली. इटलीतले धावते अक्षर मात्र छापखान्यात शिरले आणि ताठ अक्षराच्या शेजारी कायमचे स्थिरावले. त्या प्रवेशाचे स्थळ होते व्हेनिस.

५/
पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस ही युरोपातील छपाईची राजधानी होती. तेथे १४९०च्या सुमारास आल्दुस मानुतियस नावाचा एक शिक्षक आला. रोमच्या दक्षिणेकडील बास्सियानो हे त्याचे जन्मगाव. कार्पीच्या राजपुत्रांचा तो शिक्षक होता. ग्रीक ग्रंथ मूळ भाषेत छापायचे, हे त्याचे ध्येय. आंद्रेआ तोर्रेसानी हा मुरलेला मुद्रक त्याचा भागीदार झाला, पुढे सासराही झाला. १४९५ ते १४९८ या काळात आल्दुसने ॲरिस्टॉटलचे ग्रीक ग्रंथ पाच खंडांत छापले. त्या काळी या कामाला अफाट भांडवल लागे. त्याहूनही दुर्मीळ असे आणखी काही लागे: अक्षरे कोरणारा हात.

६/
तो हात फ्रांचेस्को ग्रिफो याचा होता. बोलोन्याच्या एका सोनाराचा हा मुलगा. सोनारकी आणि अक्षर कोरणे या दोन्ही कामांत धातूच्या अगदी छोट्या पृष्ठभागावर अचूक हात चालवावा लागतो, त्यामुळे त्या काळचे अनेक अक्षरकोरक सोनारांच्या घरांतून आले. आल्दुसच्या छापखान्यातील ग्रीक टंक ग्रिफोने कोरले. १४९६ मध्ये पिएत्रो बेम्बो या तरुण सरदारपुत्राचे एटना पर्वतावरील छोटे पुस्तक ज्या ताठ रोमन टंकात छापले गेले, तोही त्याचाच. तो टंक पुढील कित्येक शतकांच्या रोमन टंकांचा आदर्श ठरला.

७/
या कामाची रीत समजली, तर पुढचा वाद समजेल. पोलादी कांबीच्या टोकावर कारागीर एकेक अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे कोरतो. कांब तापवून कठीण केली जाते. मग तिचा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा तयार होतो. साच्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतला की खिळा मिळतो. एका साच्यातून हजारो खिळे निघतात, आणि साच्याची मालकी छापखान्याकडे असते. म्हणजे अक्षराचा आकार कोरकाच्या हातातून एकदा निघाला की तो परत त्याच्याकडे येत नाही. मजुरी मिळाली, हिशेब संपला.

८/
तिरप्या, धावत्या अक्षराचे खिळे करणे अधिकच अवघड. खिळ्याचे अंग आयताकृती आणि ताठ, तर अक्षर कललेले. अक्षराचे शेपूट अंगाबाहेर आले तर शेजारच्या खिळ्यावर चढते आणि मोडते. शिवाय हस्ताक्षरात अक्षरे परस्परांना जोडलेली असतात, खिळे मात्र सुटे. ग्रिफोने यावर उपाय केला तो जोडखिळ्यांचा. नेहमी शेजारी येणारी दोन-दोन, तीन-तीन अक्षरे त्याने एकाच खिळ्यावर कोरली. असे डझनावारी जोडखिळे त्याने तयार केले. जोडाक्षरांचे खिळे हाताळणाऱ्या देवनागरी जुळाऱ्याला हा खटाटोप चांगलाच उमगला असता.

९/
हे अक्षर प्रथम दिसले सप्टेंबर १५०० मध्ये. आल्दुसने छापलेल्या सिएनाच्या संत कॅथरीनच्या पत्रसंग्रहात या संत स्त्रीचे एक काष्ठचित्र आहे. तिच्या एका हातात ग्रंथ आणि दुसऱ्या हातात हृदय आहे. त्या दोहोंवर जे चार-पाच शब्द आहेत, ते नव्या तिरप्या टंकात छापलेले आहेत. जगातील पहिले छापील इटालिक ते हेच. पुढच्या वर्षी, एप्रिल १५०१ मध्ये, व्हर्जिल या रोमन महाकवीचे काव्य आल्दुसने आरंभापासून शेवटपर्यंत याच टंकात छापले.

१०/
त्या व्हर्जिलची दोन वैशिष्ट्ये होती. पहिले त्याचा आकार. तोवर अभिजात कवींच्या आवृत्त्या बहुधा मोठ्या थोरल्या असत, मूळ काव्याभोवती टीकांची दाटी असे आणि वाचायला मेज लागे. आल्दुसने छापाचा ताव तीनदा दुमडून आठ पानांचा केला, टीका काढून टाकली आणि हातात मावेल असे पुस्तक दिले. हा आकार पूर्वी प्रामुख्याने प्रार्थनापुस्तकांसाठी वापरला जाई. दुसरे वैशिष्ट्य अक्षराचे. टंक अरुंद असल्यामुळे लॅटिन काव्याची लांबलचक ओळ न मोडता लहान पानावर बसे. वाचकाला ते पान एखाद्या विद्वान मित्राने स्वहस्ते उतरवून दिलेल्या नकलेसारखे वाटे.

११/
आजच्या डोळ्यांना त्या पानावर एक गोष्ट विचित्र वाटेल. लहान अक्षरे तिरपी आहेत, पण मोठी अक्षरे ताठ उभी आहेत. ओळीच्या आरंभी एक ताठ मोठे अक्षर, मग थोडी मोकळी जागा, आणि पुढे तिरप्या अक्षरांची रांग. त्या काळच्या हस्तलिखितांतही हीच पद्धत होती, म्हणून ग्रिफोने ती तशीच घेतली. मोठी अक्षरे तिरपी करण्याची चाल पुढच्या काही दशकांत, इतर गावच्या मुद्रकांनी पाडली. त्या वेळी हा टंक एखाद्या शब्दावर भर देण्यासाठी नव्हता. संपूर्ण ग्रंथ त्यातच छापायचा, हाच त्याचा हेतू होता.

१२/
या व्हर्जिलच्या आरंभी तीन ओळींचे एक लॅटिन कवन आहे. त्यात बोलोन्याच्या फ्रांचेस्कोच्या कुशल हाताची स्तुती केलेली आहे. मुद्रकाने आपल्या अक्षरकोरकाचे नाव छापून त्याचे ऋण मान्य करावे, ही त्या काळी क्वचित घडणारी गोष्ट. म्हणजे आल्दुस कृतघ्न होता, असे सरसकट म्हणता येत नाही. पण त्याच वर्षी त्याने व्हेनिसच्या शासनाकडे या अक्षरासाठी दहा वर्षांचे संरक्षण मागितले होते. नोव्हेंबर १५०२ मध्ये सेनेटने त्याच्या टंकांना संरक्षण दिले, आणि डिसेंबरमध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरनेही. त्या सनदा आल्दुसच्या नावे होत्या.

१३/
याचा परिणाम विलक्षण होता. एखादा ग्रंथ दुसऱ्याने छापू नये, अशा सनदा व्हेनिसमध्ये पूर्वीही दिल्या जात. इथे संरक्षण मिळाले ते अक्षराच्या आकाराला. आता व्हेनिसच्या राज्यात दुसऱ्या कोणी असे तिरपे अक्षर पाडले, तर तो गुन्हा ठरणार होता. त्या ‘दुसऱ्या कोणी’मध्ये ते अक्षर मुळात कोरणारा ग्रिफोही आला. तो दुसऱ्या मुद्रकासाठी त्याच वळणाचा टंक कोरू शकत नव्हता. ज्या कौशल्यावर त्याची उपजीविका होती, तेच त्या शहरात त्याच्यासाठी बंद झाले.

१४/
सनदेने सगळ्यांना मात्र रोखले नाही. फ्रान्समधील लियाँ शहरात व्हेनिसचा कायदा चालत नव्हता. तेथील मुद्रकांनी आल्दुसच्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला काढल्या, त्यांवर ना मुद्रकाचे नाव, ना गाव, ना वर्ष. संतापलेल्या आल्दुसने मार्च १५०३ मध्ये एक जाहीर इशारापत्रक छापले. नकली प्रत कशी ओळखावी, हे त्यात सांगितले होते: कागद हलका आणि त्याला वास येतो, मोठी अक्षरे बेढब आहेत, व्यंजने स्वरांना जोडलेली नाहीत. त्याने नकलांतील छपाईच्या चुकांची यादीही दिली. लियाँच्या मुद्रकांनी ती यादी समोर ठेवून आपल्या आवृत्त्या दुरुस्त केल्या.

१५/
त्या यादीतील जोडणीचा मुद्दा बोलका आहे. आल्दुसच्या मते अस्सलपणाची खूण होती अक्षरांची जोडणी, म्हणजेच ग्रिफोचे जोडखिळे. नकलाकारांनी बाह्य रूप उचलले, पण त्या जोडण्यांची मेहनत त्यांनी टाळली. अस्सल आणि नक्कल यांतला भेद कारागिराच्या हाताने ठरत होता, आणि त्याच सुमारास तो कारागीर छापखाना सोडून गेला. दोघांत वितुष्ट आले, आणि ग्रिफो एड्रियाटिक किनाऱ्यावरील फानो या गावी पोहोचला. तेथे गेर्शोम सोन्चिनो या ज्यू मुद्रकाचा छापखाना होता. हिब्रू ग्रंथांच्या छपाईसाठी सोन्चिनोचे घराणे विख्यात होते.

१६/
जुलै १५०३ मध्ये सोन्चिनोने पेट्रार्क या कवीची इटालियन काव्ये ग्रिफोच्या नव्या तिरप्या टंकात छापली आणि ग्रंथ चेझारे बोर्जाला अर्पण केला. फानोवर त्या वेळी बोर्जाचीच सत्ता होती. अर्पणपत्रिकेत सोन्चिनोने उघड लिहिले की या अक्षराचा खरा जनक बोलोन्याचा फ्रांचेस्को आहे. आल्दुसने छापलेले सर्व टंक त्याच्याच हातचे आहेत, श्रेय मात्र दुसऱ्याने घेतले. यातील योगायोग पाहण्यासारखा आहे. आल्दुसला सनद देणारा पोप अलेक्झांडर हा चेझारे बोर्जाचा पिता. पित्याने ज्याला मक्ता दिला, त्याच्याविरुद्धची तक्रार पुत्राच्या चरणी ठेवली गेली.

१७/
आल्दुसची बाजूही समजून घ्यायला हवी. लहान आकार, टीकेविना शुद्ध मूळ पाठ, विद्वान संपादक आणि त्याला साजेसे अक्षर, ही सगळी योजना त्याची होती. भांडवलाची जोखीम त्याच्या आणि भागीदारांच्या डोक्यावर होती. लियाँच्या नकलांमुळे होणारा तोटाही खरा होता. ग्रिफोने कोरले नसते, तर हे अक्षर झाले नसते. आल्दुसने मागितले नसते, तर ग्रिफोने ते कोरलेही नसते. पण त्या काळच्या कायद्याला ‘कल्पना कोणाची’ आणि ‘हात कोणाचा’ असे दोन वेगळे प्रश्न विचारता येत नव्हते. सनदेवर एकच नाव लिहिता येई.

१८/
फेब्रुवारी १५१५ मध्ये आल्दुसचे निधन झाले. व्हेनिसच्या सान पातेर्नियान चर्चमध्ये त्याच्या पार्थिवाभोवती त्याने छापलेले ग्रंथ रचून ठेवले होते. त्यानंतर ग्रिफो बोलोन्यास परतला. १५१६ मध्ये त्याने स्वतःच्या नावे छपाई सुरू केली. अतिशय लहान आकाराची सहा पुस्तके, त्यांसाठी कोरलेला तितकाच बारीक नवा इटालिक टंक. त्यांपैकी पेट्रार्कच्या अर्पणपत्रिकेत त्याने जुनी व्यथा मांडली: अक्षरे मी कोरली, धन आणि कीर्ती आल्दुसला लाभली. आता तरी स्वतःच्या नावाने स्वतःचे अक्षर छापले जात होते.

१९/
ते फार काळ टिकले नाही. १५१६ मध्येच जावयाशी झालेल्या भांडणात ग्रिफोने लोखंडी कांबीने प्रहार केला, जावई दगावला आणि सासऱ्यावर खुनाचा आरोप आला. त्यानंतर थोड्याच काळात तो नोंदींतून नाहीसा होतो. त्याला देहदंड झाला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. एकाच्या शवाभोवती ग्रंथांची आरास, दुसऱ्याच्या वाट्याला थडगेही नाही. पुढे ‘बोलोन्याचा फ्रांचेस्को’ एवढेच शब्द उरले. १८५८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथपाल अँटोनिओ पानिझ्झी यांनी हा फ्रांचेस्को म्हणजे प्रसिद्ध चित्रकार फ्रांचेस्को रायबोलिनी, असे प्रतिपादन केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दप्तरांतील कागद उजेडात आले आणि ‘ग्रिफो’ हे आडनाव निश्चित झाले.

२०/
माणूस विस्मरणात गेला, अक्षर मात्र वाढत राहिले. पोपच्या कचेरीतील लेखनिक लुदोविको देग्ली आरिगी याने १५२२ मध्ये या वळणाचा कित्ता छापला आणि दोन वर्षांनी रोममध्ये स्वतःचा, अधिक डौलदार इटालिक टंक वापरून मुद्रण आरंभले. १५२७ मध्ये रोमची लूट झाली, आणि त्यानंतर आरिगीचा मागमूस लागत नाही. पुढे हे अक्षर फ्रान्समध्ये बहरले. रोबेर ग्राँजोंसारख्या कोरकांनी कलती मोठी अक्षरे असलेले सुंदर इटालिक टंक घडवले. सोळाव्या शतकाच्या ओघात मोठा बदल झाला: स्वतंत्र असलेला इटालिक हळूहळू ताठ रोमन टंकाचा सोबती झाला. एकाच पानावर, एकाच वाक्यात दोन्ही नांदू लागले.

२१/
दोन आवाज हाती आल्यावर मुद्रकांना नवी भाषा सापडली. १५६० च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलचे उदाहरण घ्या. हिब्रूत ‘आहे’ हे क्रियापद पुष्कळदा अध्याहृत असते, इंग्रजीत ते घालावेच लागते. अनुवादकांनी असे पदरचे शब्द इटालिकमध्ये छापले. म्हणजे तेथे तिरपे अक्षर वाचकाला प्रामाणिकपणे सांगत होते, की हा शब्द मुळातला नाही, आम्ही जोडला आहे. १६२३ च्या शेक्सपिअरच्या नाट्यसंग्रहात विशेषनामे आणि रंगसूचना इटालिकमध्ये आहेत. प्रस्तावना इटालिकमध्ये आणि ग्रंथ ताठ टंकात, अशीही रीत रुळली. या सर्वांमागे एकच तत्त्व होते: हा आवाज वेगळा आहे, हे शब्द न वापरता सांगणे.

२२/
आजही हाच नियम चालतो. इंग्रजी मजकुरात ग्रंथांची, जहाजांची नावे आणि परभाषेतील शब्द इटालिकमध्ये येतात. आंब्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘मँजिफेरा इंडिका’ रोमन लिपीत नेहमी तिरपे छापतात. भौतिकशास्त्रात राशींची चिन्हे तिरपी आणि एककांची ताठ ठेवतात, म्हणून वस्तुमानाचा ‘एम’ आणि मीटरचा ‘एम’ यांची गल्लत होत नाही. शब्दावर भर देणे हा त्याचा केवळ एक उपयोग. आणि संपूर्ण परिच्छेदच इटालिकमध्ये असेल, तर भर देण्यासाठी शब्द उलट ताठ केला जातो. अर्थ कलण्यात नाही, शेजाऱ्याहून वेगळे असण्यात आहे.

२३/
अक्षर नुसते कलवून इटालिक होते का, हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीत १६९२ नंतर शास्त्रज्ञांच्या समितीने चौकटींच्या जाळ्यावर राजटंक आखला, आणि तिरप्या अक्षरांसाठी जाळेच कलते केले. १९२६ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज मुद्रणतज्ज्ञानेही कलवलेला रोमन हाच आदर्श इटालिक, असे मांडले. वाचकांचा डोळा मात्र लेखणीच्या वळणाकडेच ओढ घेत राहिला. १९२९ मध्ये मॉरिसनच्याच मार्गदर्शनाखाली मोनोटाइप कंपनीने ग्रिफोच्या १४९६ च्या ताठ टंकाचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा त्याला सोबती म्हणून सोळाव्या शतकातील हस्तवळणावर बेतलेला इटालिक दिला. त्या टंकाचे नाव ठेवले ‘बेम्बो’. नाव कोरकाचे नव्हे, लेखकाचे.

२४/
१९८५ मध्ये संगणकावर पान जुळवणारा ‘पेजमेकर’ हा प्रोग्राम आला. तो काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने स्वतःचे नाव ठेवले ‘आल्दुस’. मराठी मुद्रणातही डीटीपीचे युग याच प्रोग्रामने रुजवले, आणि असंख्य मराठी पुस्तके त्यावर जुळवली गेली. त्या काळापासून देवनागरीही एका बटणाने तिरपी होते. पण देवनागरीच्या छपाईत ताठ अक्षराला सोबती म्हणून वेगळे धावते अक्षर कधी रुळले नाही, त्यामुळे संगणक बहुधा तेच अक्षर कलवतो. शिरोरेषा आडवीच राहते, काना आणि वेलांटी झुकतात. म्हणूनच मराठी ग्रंथांत भर देण्यासाठी ठळक टंक किंवा अवतरणचिन्हे अधिक शोभतात.

२५/
ग्रिफोला थोडा न्याय विसाव्या शतकात मिळाला. जोव्हान्नी मार्डरस्टाइग या मुद्रकाने त्याच्याच अक्षरावर आधारलेला एक टंक कोरवून घेतला आणि त्याला ‘ग्रिफो’ हे नाव दिले. मराठी वाचकालाही हा प्रश्न लांबचा नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक देवनागरीचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्या छापखान्यासाठी अक्षरे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांचे नाव किती जणांना ठाऊक असते? पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रकाशकाचे असते, मुद्रकाचेही असते. ज्याच्या हातच्या आकारांवरून डोळा पानभर फिरतो, त्याचे नाव बहुधा नसते.

२६/
पाचशे वर्षांपूर्वी व्हर्जिलच्या आरंभी तीन ओळींत का होईना, ते नाव छापले गेले होते. त्या तीन ओळी आणि फानोची ती अर्पणपत्रिका नसती, तर पुढच्या संशोधकांना दप्तरांत कोणाला शोधायचे हेही कळले नसते. श्रेय लिहून ठेवणे ही शिष्टाचाराची बाब वाटते. प्रत्यक्षात तोच इतिहासाचा पुरावा असतो. यापुढे तिरपे अक्षर दिसेल, तेव्हा त्याचा कल हा बोलोन्याच्या एका सोनारपुत्राच्या हाताचा कल आहे, हे ध्यानात असू द्यावे.

(समाप्त)